बेलवलीच्या मावशींची मुरड

नाताळच्या आधी आठवडाभर अंबरनाथला कारखान्याच्या कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये मंडळीतल्या बायका करंज्या करायला जमायच्या. मंडळी म्हणजे आम्ही दहा-बारा ख्रिस्ती घरं. चर्च नव्हतं. शाळेच्या एका खोलीत उपासना व्हायची, आणि तिथला चुना, पताका, कागदाची चांदणी, सगळं आम्हीच करायचो. मैदा आणि डालडा वडील निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंध्याच्या दुकानातून आणायचे. साखर रेशनची, दोन महिने गुळाचा चहा पिऊन साठवलेली.

करंज्यांना मुरड घालायचं काम मात्र बेलवलीच्या मावशींचं. त्या विधवा होत्या. बदलापूरजवळच्या बेलवलीहून यायच्या आणि आमच्या इथल्या दवाखान्यात झाडलोट करायच्या. बोटं राठ झालेली, पण करंजीची कड अशी बारीक वळायच्या की बाकीच्या बायका बघत राहायच्या. वर्षभर लोक त्यांना 'ए, इकडे पाणी मार' एवढंच सांगायचे. त्या एका दिवशी सगळ्याजणी आपापली करंजी त्यांच्यापुढे धरून विचारायच्या, 'ताई, बघा ना, ही उकलतेय.' मावशींचा खरा नाताळ तो. मला हे तेव्हाही कळत होतं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

मुरडीच्या करंज्या शेजाऱ्यांसाठी बाजूला ठेवायच्या. दिवाळीला त्यांच्याकडून ताट यायचं, नाताळला आमच्याकडून जायचं. त्या वर्षी मी तेरा वर्षांची घोडी होते, अक्कल मात्र शून्य. आईने एक ताट माझ्या हातात दिलं आणि बाकीचा फराळ टोपलीत घालून मावशींना सोबत पाठवलं.

पहिलंच दार एका ऑफिसरच्या बायकोचं. बाईंनी ताटावरचा रुमाल उचलला, करंज्या बघून खूश झाल्या, आणि मग त्यांची नजर माझ्या मागे गेली. मावशींना त्यांनी दवाखान्यात पाहिलं होतं. ताटाकडे आलेला हात तिथेच थांबला.

"कुणी केल्या गं?"

आमचे आजोबा आणि मावशींचे सासरे नगरकडच्या एकाच वस्तीतले, गावकुसाबाहेरचे. दोघांचा बाप्तिस्माही एकाच दिवशी झालेला. फरक एवढाच, की माझे वडील कारखान्यात कारकून झाले आणि कॉलनीत कुणी आमची जात विचारली नाही. ती आता विचारतील या धास्तीने माझी मेली जीभ सुटली.

"आईनं केल्या. ह्यांनी हात लावलेला नाही."

बाईंनी ताट घेतलं.

मी मागे वळून बघितलंच नाही. मावशींनी कान पिळला असता तर बरं वाटलं असतं. पण दुसऱ्या दारात कुणी काही विचारायच्या आतच त्या मागून म्हणाल्या, "मी नुसती टोपली धरायला आलेय, बाई. फराळ हिच्या आईनं केलाय." तिसऱ्या दारातही तेच. चौथ्यातही. प्रत्येक दारात त्या आधीपेक्षा एक पायरी खाली उभ्या राहिल्या. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाले सगळे?" तेव्हा मावशींनीच सांगितलं, "आवडलं सगळ्यांना."

पुढच्या नाताळला त्या आल्या, पण भिंतीला टेकून बसल्या. बोटं दुखतात म्हणाल्या. "मग मुरड कोण घालणार?" आई काळजीत पडली.

"हिला शिकवते की."

मला पाटावर बसवलं. "कड दाब. आता अंगठ्यानं दुमड. सोडू नको, पुढं जा." माझ्या करंज्या उकलत होत्या, सारण बाहेर येत होतं. आई चुलीपाशी जाता जाता म्हणाली, "अहो ताई, हातात घेऊन दाखवा ना तिला."

मावशींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. आई लांब गेल्यावर मला एकटीला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "तुझी तूच कर, पोरी. दारात कुणी विचारलं तर यंदा खोटं बोलायला नको."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांचा हात धरून मी त्या करंजीवर ठेवायला हवा होता. ठेवला नाही. मी खाली मान घातली आणि पुढची करंजी घेतली.