रखमीवहिनीचा रिकामा चौक

आमच्या पाड्यात एखादी बातमी माझ्या आधी दुसऱ्या कुणाला कळली, तर मला जेवण जात नाही. त्यामुळे शेजारच्या रखमीवहिनीला मुंबईच्या एका कॉलेजनं परदेशी पोरींना वारली चित्रं शिकवायला बोलावलंय, हे वाणगावच्या बाजारापर्यंत मीच पोचवलं.

लग्नघराच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक काढावा तर रखमीवहिनीनंच, असं पूर्वी सगळे म्हणायचे. पण चौक सवाशिणीच काढतात. वहिनीचा नवरा, आमचा चिमणदादा गेला आणि वहिनीकडं रंगासाठी तांदूळ वाटायचं तेवढं काम उरलं.

शिकवून आली त्याला दोनेक महिने झाले असतील. मी कुंपणावरूनच विचारलं, "काय मास्तरीणबाई, गोऱ्या पोरी शिकल्या का काही?"

तिनं मोबाईल पुढं केला. एका पोरीनं आपल्या देशी जाऊन घराच्या भिंतीवर चौक काढला होता. झाडं, तारपा वाजवणारा, नाच, सगळं झकास. मधे पालघट देवीच्या जागी मात्र नुसता गेरू.

"देवी कुठाय?"

"शिकवताना मी काढलीच नाही. हात पुढं गेला, पण तुमच्या दादाची आठवण झाली. पोरींना वाटलं, चौक असाच असतो."

"म्हणजे सगळ्या वर्गानं रिकामा चौक नेला? वहिनी, विलायतेत तुम्ही नवीच कला काढलीत की!"

ती हसली नाही. "तिथं मला कुणी अडवलं नसतं, भाऊजी. पण मधे काय असतं, एवढं एकीनं तरी विचारायचं होतं."

पलीकडच्या घरातल्या वर्षाचं लग्न होतं, तिथं चौक काढायला बायका जमल्या होत्या. वहिनीनं अंगणात पाटा मांडला आणि ती त्यांच्यासाठी तांदूळ वाटायला बसली.