जमिनीवर बसणारी माणसं

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा चटईचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं एवढंच. पत्र्याची शेड, प्लॅस्टिकचा दाणा वितळवून रंगीत नळी काढणारं एक यंत्र आणि त्या नळीची चटई विणणारे थोडे लूम. माझ्या मोठ्या भावानं तो उभा केला होता. आमचं गाव यावलकडचं, घरात केळीची शेती. ती सोडून तो शहरातल्या एका चटईवाल्याकडे राबला, काम शिकला आणि मग स्वतःचे लूम घेतले. माझं कॉलेज संपल्यावर त्यानं मलाही बोलावून घेतलं. यंत्रं त्याच्याकडे, गिऱ्हाइकं माझ्याकडे. कामगार त्याला भाऊ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागलो.

गावात कुणाचंही लग्न असो, भाऊ पंगतीसाठी चटयांचा गठ्ठा पाठवायचा. आहेर तोच. लाल-हिरव्या पट्ट्यांच्या चटयांवर गाव जेवायला बसलं की तो वाढप्यांच्या मागून उगाच एक चक्कर मारून यायचा.

चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघं मोटारसायकलवर गेलो. गठ्ठा आदल्या दिवशीच पोचला होता. मंडपात गेलो तर सगळीकडे खुर्च्या, एका बाजूला लांबलचक टेबलं आणि ताटं घेऊन रांगेत उभी असलेली माणसं. भाऊनं चटयांची चौकशी केली. मग तो स्वतःच मागे गेला. त्याच्या पाठोपाठ मीही गेलो. आचाऱ्याच्या बायका त्या चटयांवर कांदे चिरत बसल्या होत्या. बाकीच्या चटया चुलीजवळच्या चिखलावर अंथरल्या होत्या.

चुलतभाऊ धावत आला. फार ओशाळला होता तो. म्हणाला, "आता खाली कोणी बसतच नाही ना, भाऊ."

भाऊ त्याला बरं म्हणाला, नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या आणि न जेवता निघाला. तापीच्या पुलावर त्यानं गाडी बाजूला घेतली. पाण्याकडे बघत तो म्हणाला, "आपण कोणासाठी विणतोय रे?"

पुढची दोन-तीन वर्षं त्यानं जंग जंग पछाडलं. जाड चटया काढल्या, नक्षी बदलली, घडी घालता येईल अशाही काढल्या. नमुने घेऊन आम्ही धुळ्याला जायचो. तिथला एक म्हातारा व्यापारी आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. शेवटच्या खेपेला त्यानं चहा पाजला आणि स्वतःच्या गादीखालची चटई ओढून दाखवली. आमचीच होती, सुरुवातीच्या काळातली. रंग उडाला होता, पण एक नळी तुटली नव्हती. तो म्हणाला, "हिला काही होत नाही, भाऊ. मग नवी कोण घेईल?" भाऊनं ती चटई हातात घेऊन काठ चाचपला.

मग टाळेबंदी आली. लग्नं, भंडारे, कीर्तनं सगळंच थांबलं. परत सुरू झालं तेव्हा आमच्याकडे मागणी आलीच नाही. मोठ्या कारखान्यांना परदेशाचं तरी काम होतं, आमच्यासारख्यांचे लूम एकेक करून बंद पडले. भाऊ तरी रोज जाऊन ते पुसायचा, तेल द्यायचा. शेवटी भंगारवाल्याला मीच बोलावलं, कारण त्याच्यानं ते झालं नसतं.

काठ शिवणारी अक्का त्या दिवशी आली होती. मूळची अमळनेरकडची, शेड उभी राहिली तेव्हापासून आमच्याकडे. गॅसकटरनं लूमचे तुकडे होत असताना ती भिंतीला टेकून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "बठ्ठं सरनं का, भाऊ?"

"सगळं संपलं, अक्का," भाऊ म्हणाला. मग त्यानं तिच्या पायांना हात लावला. ती मागे सरकली, तोंडाला पदर लावला आणि कुणाकडे न बघता फाटकातून निघून गेली. नंतर ती कुठे कामाला लागली, लागली की नाही, आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही शोधही घेतला नाही. भेटली असती तर काय सांगणार होतो?

मी एका पाइपच्या कारखान्यात भांडार सांभाळतो. शेड आता कुरिअरवाल्यांचं गोदाम आहे. त्यांना राखणदार हवा होता, तेव्हा भाऊनं मला किंवा वहिनीला न विचारताच होकार दिला. वहिनी खूप रडली. मीही त्याला समजावायला फाटकावर गेलो. म्हटलं, आपल्याच शेडच्या दारात खाकी घालून बसायचं?

तो म्हणाला, "घरी बसलो की दिवस जात नाही. इथं गाड्या तरी येतात."

तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. तो उठला, फाटक उघडलं आणि टेम्पो आत जाईपर्यंत ते धरून उभा राहिला. टेम्पोवाल्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. भाऊनं त्याला सलाम केला.