वकिलाचा रेडिओ, हात न लावता

अमरावतीला आमच्या खोलीमागेच एका वकिलाचं घर होतं. मी तेव्हा सायन्सला होतो. एका संध्याकाळी त्यांच्या रेडिओवर नागपूर लागेना, म्हणून त्यांनी मला हाक मारली. मी बटण फिरवून स्टेशन लावून दिलं. मग त्यांनी विचारलं, "कोनाचा रे तू?" आम्ही बौद्ध, हे कळताच ओरडले, "हात काढ!" आणि माझ्यादेखत रेडिओवर पाणी शिंपडलं. विजेच्या रेडिओवर!

मी स्वतः जुळवलेला एका व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या एकाच दिव्यावर चालणारा, रेडिओ घरी होता. त्याचं बटण जास्त चढवलं की त्याच्याच लहरी बाहेर पडायच्या आणि आसपासचे रेडिओ शिट्टी मारायचे. त्याच्या कॉइलजवळ हात नेला की शिट्टीचा सूर बदलायचा. पावसाळाभर मी दार लावून सराव केला. मग वकिलाकडे पाहुणे जमले, बातम्या लागल्या, की मी हवेत हात हलवायचो आणि त्याच्या रेडिओतून बुद्धवंदनेची चाल निघायची. त्याला ती ओळखू आली की नाही कोण जाणे, आमची गल्ली मात्र पोट धरून हसायची.

मेकॅनिक झाले, व्हॉल्व्ह बदलून झाले. शेवटी वकील स्वतः आमच्या दारात आला.

"अरे, तू तरी पाहून दे. काहून बोंबलून राहिला तो?"

"मले काय मालूम, वकीलसाहेब? पाणी तुमी टाकलं. मी तर तवापासून हातबी नाही लावला."