रिलीव्हर आला नाही

आमच्या कॉलेजात ऑनलाइन प्रोजेक्ट सुरू झाले. तीन-चार राज्यांतली पोरं एका गटात, आणि प्रत्येक गटाबरोबर अनुभवी माणूस हवा, नाही तर पोरं नुसती एकमेकांचं तोंड बघत बसतात. अशी फुकट वेळ देणारी माणसं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भिलाईत निवृत्त माणसांना काय तोटा! इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात मी ताट हातात घेऊनच फिरले. "आमाले कोण विचारते बाई," म्हणत सगळ्यांनी अंग काढून घेतलं.

एका काकांनी मात्र एकच विचारलं, "शिफ्ट कोणती?"

मला हसूच फुटलं. हे काका आयुष्यभर स्टील प्लांटात भट्टीवर होते. काकू गेल्यापासून वैशाली नगरात एकटे, मुलगा बंगळुरूला. मी म्हटलं, शनिवारी दुपारी तासभर. ते म्हणाले, "माह्या नंतरची शिफ्ट माह्या पोराले दे. मी बोलतो त्याच्याशी."

मुलगा तयार झाला. मग दर शनिवारी एक गंमत चालायची. काकांचा तास संपला की मुलगा पडद्यावर यायचा आणि काका त्याला, भट्टीवर रिलीव्हरला म्हणजे पुढच्या शिफ्टच्या माणसाला देतात तसा, चार्ज द्यायचे. कोणत्या पोराचं काय अडलं, कोण रुसलं, सगळं सांगायचे. शेवटी हळूच "जेवला का?" आणि बंद. एरवी त्या मुलाचा फोन सणासुदीलाच. काका शनिवारी सकाळीच दाढी करून बसतात, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा मला सगळं कळलं.

त्या शनिवारी संध्याकाळी मी सिविक सेंटरला भाजी घेत होते. गटातल्या रायपूरच्या मुलीचा फोन आला. रडतच होती.

"मॅम, अंकल उठ नहीं रहे. टेबल पे सर रख दिया है. हम सब चिल्ला रहे हैं."

"अंकल अब तक बैठे हैं?"

"हमने बोला था, आप जाइए. बोले, रिलीवर नहीं आया."

 काका शुगरचे पेशंट, वेळेवर खाल्लं नाही की साखर उतरते! भाजीची पिशवी कुठे टाकली, देव जाणे. स्कूटी कशी हाणली तेही आठवत नाही. तोंडाने नुसतं "बाप रे, बाप रे" चाललं होतं.

शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. दार उघडलं. काकांचं डोकं टेबलावर, शर्ट घामाने चिंब. समोर लॅपटॉप सुरू. त्यातून ती पोरं अजून "अंकल, अंकल" हाका मारत होती. एवढी माणसं बघतायत आणि हात लावायला एकही नाही! स्वयंपाकघरात पोळी-भाजी झाकलेली, तशीच.

हाक मारली तेव्हा काकांनी "हूं" केलं. आम्ही त्यांना सरळ बसवून साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने डोळे उघडले, ओळख पटली, आणि माझं डोकं सटकलं.

"काका, तुमी जेवाले कावून नाही उठले? पाच मिनिटांत काय फुटत होतं?"

"पोरी, रिलीव्हर आल्याबिगर पॉइंट सोडत नसतात."

"अहो, ही भट्टी आहे का!"

 ते पडद्याकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं, चला, जेवून घ्या. उठेनात. शेजारच्या काकूंनी हाताला धरलं, तरी उठेनात. मला रडूही येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

शेवटी मुलालाच फोन लावला. तो म्हणाला, "अहो, मला आज जमणार नाही म्हणून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं." काका ग्रुप बघत नाहीत, हे त्याला माहीत असायला नको? मी जे झालं ते सरळ सांगितलं.  मी फोन काकांच्या कानाला लावला.

काका खुर्चीत सावरून बसले. आवाज बारीक, पण शब्द स्पष्ट.

"हां, लिहून घे. पोरांच्या प्रोजेक्टचा नकाशा अर्धा झाला. रायपूरची पोरगी घाबरते, तिच्यावर ओरडू नको. बाकी सब ठीक. घे चार्ज."

 पलीकडून मुलाचा ओला आवाज मलाही ऐकू आला.

"घेतला, बाबा. मी आलो. तुम्ही उठा, जेवा आता."

"तू जेवला का?" काकांनी विचारलं, आणि मग उठले.