आठ दिवसांचं कुलूप

द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत माझा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, गुंतवणूक म्हणून घेतलेला. पेठ तालुक्यातलं एक जोडपं तिथे नऊ वर्षं भाड्याने राहिलं. तो कोर्टासमोर एका वकिलाकडे टायपिंग करायचा. भाडं कधी चुकलं नाही. तरी मला धास्ती एकच, भाडेकरू बसला की उठत नाही.

म्हणून कुणीतरी सुचवलेली शक्कल मी इमानेइतबारे पाळली. अकरा महिन्यांचा करार संपला की आठ दिवस फ्लॅट रिकामा, कुलूप माझं. मग स्टँप पेपरवर नवा करार. नोंदणी करत नव्हतो, तेवढाच खर्च वाचायचा. दरवर्षी ती माणसं भांडीकुंडी टेम्पोत भरून गावी न्यायची.

दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोला आठवा महिना होता. "काका, या खेपेला राहू द्या," तो म्हणाला.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. हे घरी कधीच सांगितलं नाही.

पुढे बायकोच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी फ्लॅट विकणं भाग पडलं. गिऱ्हाइकाला रिकामा ताबा हवा होता. माझ्या वकिलाने करार चाळले नि चष्मा काढला. "त्या कुलपाला कायद्यात किंमत नाही. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरतात. तो अडून बसला तर वर्षं जातील."

बायकोकडे वर्षं नव्हती.

पाय ओढत त्याच्याकडे गेलो, अडचण सांगून फ्लॅट रिकामा करून मागितला. ऐकून तो हसला. "काका, असले करार मी रोज टाइप करतो. तुमचे कच्चे आहेत, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"मग दरवर्षी सामान का हलवलंस?"

उत्तर त्याच्या बायकोने दिलं. "शब्द दिला होता ना. पण लय हाल झाले, काका. त्या साली घाटात टेम्पो आपटायचा, नि मी पोट धरून बसलेली."

माझी मान वर होईना. "चुकलो," एवढंच म्हणालो.

"दरवर्षी आठ दिवस तुम्ही घेतलेत," तो म्हणाला, "आता आठ दिवस मला द्या. पोराची दुसरीची परीक्षा होऊन जाऊ दे."

आठव्या दिवशी किल्ली आली, सोबत ताबा सोडल्याचा कागद, त्यानेच टाइप करून सही केलेला. मी पाहायला गेलो तर फरशी पुसून ठेवलेली, अजून ओली.

ऑपरेशन वेळेत झालं. बायको आता स्वयंपाकघरात वावरते, भाजी महागली म्हणून कुरकुरते, आणि देवानं तारलं म्हणते. कुणी तारलं ते मला ठाऊक आहे. हे पान आज तिला वाचून दाखवणार आहे, आठव्या महिन्यासकट.