रशियन संत आणि ओले कोट

चर्चमध्ये रविवारची मिस्सा ऐन रंगात असताना माझा फोन थरथरला. आईने कोपर मारलं. "देवाच्या घरात तरी ते खेळणं बंद ठेव, मायकल."

खेळणं नव्हतं. टोरोंटोतल्या एका छोट्या आर्ट गॅलरीचा अलार्म होता. रशियन आयकॉन्सच्या खोलीत हवेतला ओलावा मर्यादेबाहेर गेला होता. मागच्या रविवारीही नेमकं हेच झालं होतं.

दोन हजार सतराच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी इमारतींच्या हवेचा इंजिनियर. मोठमोठ्या बिल्डिंगांची हवा माझ्या सांगण्यावरून चालते. टोरोंटोजवळ रिचमंड हिलच्या आमच्या घरात मात्र थर्मोस्टॅट आईच्या ताब्यात आहे आणि त्याला हात लावायची मला परवानगी नाही.

आयकॉन म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेला संत किंवा मरियामाता. फळीवर खडूसारखा पांढरा लेप, त्यावर रंग. हवा ओली झाली की लाकूड फुगतं, सुकली की आकसतं. लेपाला हा व्यायाम झेपत नाही. तो पापुद्रे होऊन सुटतो, आणि सोबत संताचं नाक जातं. इथल्या थंडीत हीटिंगमुळे आतली हवा पापडासारखी कोरडी होते. म्हणून ह्युमिडिफायर वाफ सोडतो, आणि त्याला आवरायचं काम माझं.

प्रदर्शनाचा जीव होता एक संत निकोलस. तो गालिनाबाई नावाच्या रशियन बाईंचा, त्यांच्या आजीच्या घरातला. सोव्हिएत काळात घरात देव दिसणं बरं नव्हतं. आजीने त्याला पालथा घालून आंबवलेल्या कोबीच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला. झडती घ्यायला आलेल्यांना पिंप दिसलं, संत दिसला नाही. इतकं सोसून आलेल्या फळीबद्दल बाईंनी गॅलरीला बजावलं होतं, "एक पापुद्रा दिसू दे, मी त्याला घरी नेईन." आणि तो गेला की प्रदर्शनात उरणार फक्त भिंती.

गॅलरीची डिरेक्टर मार्गरेट. तिला मी छातीठोकपणे सांगितलं, "ह्युमिडिफायरचा व्हॉल्व्ह अडकलाय." व्हॉल्व्ह बदलला. रविवारी अलार्म. "मग सेन्सर." सेन्सर बदलला. रविवारी अलार्म.

"मायकल," मार्गरेट म्हणाली, "तुझा व्हॉल्व्ह फक्त रविवारीच का अडकतो? धार्मिक आहे का?"

पुढच्या रविवारी मिस्सा बुडवून मी गॅलरीत जाऊन बसलो. आई दोन दिवस बोलली नाही. दुपारी दार उघडलं आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका आत आल्या. जवळच्या रशियन चर्चमधली उपासना संपवून थेट इकडे. बाहेर बर्फ पडत होता. दाराजवळ कोट काढून जमा करायच्या जागेचे हँगर रिकामे, आणि सगळ्यांच्या अंगावर जाडजूड, बर्फाने माखलेले कोट. त्या निकोलसला खेटून उभ्या राहिल्या. कोटांवरचा बर्फ वितळायला लागला. माझा सेन्सर त्याच भिंतीवर. तो बिचारा खरं तेच सांगत होता.

"सापडलं!" मी म्हणालो. उपायही हातात होता. कोट काढणं सक्तीचं. बोर्ड मीच टाइप केला, मोठ्या अक्षरांत, खाली 'धन्यवाद' घालून. फारच सभ्य वाटला मला.

त्या बायकांतच आलेल्या गालिनाबाईंनी तो वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडे म्युझियममध्ये कोट घालून कोणी जात नाही. आणि चर्चमध्ये कोणी काढत नाही."

मला काही कळेना. त्या पुढे सांगू लागल्या. त्यांच्या गावच्या चर्चमधला मोठा आयकॉन सरकारने उचलून म्युझियममध्ये टांगला. आजी तिथे जायची. कोट द्यायचा, बिल्ला घ्यायचा, आणि आपल्याच देवासमोर हात मागे बांधून उभं राहायचं. क्रूसाची खूण करायची नाही. फक्त ओठ हलायचे.

"मग राग असेल म्युझियमवर?" मी विचारलं.

"राग?" त्या हसल्या. "चर्चमध्ये तो मेणबत्त्यांच्या काजळीने काळाठिक्कर पडला होता. म्युझियममधल्या लोकांनी महिनोन् महिने बसून साफ केला. खालून लालभडक झगा निघाला. आजीने तो लाल रंग पहिल्यांदा तिथे पाहिला. म्हणायची, देव नेला त्यांनी, पण तोंड धुऊन ठेवला." मग बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या बायकांना पुन्हा बिल्ला देऊ नका."

मी बोर्ड उतरवला. घडी करून खिशात घातला, कोणी पाहू नये म्हणून.

मार्गरेटला म्हणालो, "खोलीची हवा राहू दे. गर्दी काय ती निकोलसभोवतीच होते. निकोलसला त्याची स्वतःची हवा देऊ." घट्ट बंद काचेची पेटी, तळाशी सिलिका जेल. नव्या बुटांच्या खोक्यात पुडी असते तीच वस्तू, पण जरा जास्त शिकलेली. ओलावा वाढला तर शोषते, कमी झाला तर सोडते.

"काचेतून रंग मरतील," मार्गरेट कुरकुरली.

"चकाकी न मारणारी काच मिळते."

"आणि काचेला हात लावतील."

"हात? ओठ लावतील. आमच्या वसईत गुड फ्रायडेला क्रूसाचं चुंबन घेतात. शेजारी एक जण फडकं घेऊन उभा असतो, दर चुंबनानंतर पुसायला."

मार्गरेटने कपाट उघडलं. मग गार्डला एक मऊ फडकं दिलं.

पेटी बसल्यावरच्या पहिल्या रविवारी आईला घेऊन गेलो. तिथे ओल्या कोटांची गर्दी, खोलीतला आकडा वर वर चाललेला. पेटीतला आकडा जागचा हलला नाही. आलेखावर इतकी सरळ रेघ मी नोकरीत पुन्हा पाहिली नाही. आई कोटासकट पुढे घुसली, गालिनाबाईंच्या शेजारी उभी राहिली, काचेला ओठ लावले. गार्डने पुसलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती; निकोलसच्याही लाल झग्याकडे बोट दाखवून दोघी माना डोलावत होत्या.

प्रदर्शन संपेपर्यंत संत जागेवर राहिला, नाकासकट.

आता कुठे अलार्म वाजला, की मी स्क्रू-ड्रायव्हर काढण्याआधी खोलीत कोण आलंय ते बघतो. घरचा थर्मोस्टॅट अजून आईकडेच आहे.