पोलादपूरच्या ठाण्यात आलेला समुद्र

समुद्रावरचं एक प्रकरण मी पोलादपूरच्या ठाण्यात बसून उलगडलं, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. पोलादपूर कुठे आणि दर्या कुठे! आमचं पाणी म्हणजे पावसाळ्यातली सावित्री, बाकी नुसते डोंगर. पण कुठलं प्रकरण कुणाच्या टेबलावर येऊन पडेल, ते फौजदाराच्या हातात नसतं. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. त्या घरांत आज नातवंडं नांदताहेत.

स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती, जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं. सकाळची हजेरी चालू असताना कुडपणचे पोलीस पाटील डोंगर उतरून धापा टाकत ठाण्यात आले. गावातले दोन जिवलग मित्र मुंबईला गोदीत हमाली करत होते. तिथून ते एका लहान आगबोटीवर लागले. बोट मालाची नव्हती, हौशी गोऱ्या प्रवाशांना सहलीला घेऊन बंदरोबंदरी हिंडायची. दोघांना तिच्या जेवणघरात टेबलं मांडायचं काम मिळालं होतं. आता त्यांतला एकच परत आला होता. दुसऱ्याची ट्रंक त्याच्या अंगणात ठेवून म्हणाला होता, "आफ्रिकेला जाताना वादळ झालं. लाटेनं नेला त्याला."

घरच्यांनी सुतक धरलं. देह नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचं ठरलं. देह सापडला नाही की तसाच विधी करतात. येत्या अमावास्येला तो व्हायचा होता आणि त्याच दिवशी बायकोचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. बायको ऐकेना. तिकडे धाकटा दीर कोयता घेऊन परत आलेल्या सोबत्याच्या दारात उभा, "तूच मारलास माझ्या भावाला" म्हणत.

"सायेब, अवसेच्या आत कायतरी करा," पाटील म्हणाले. "नायतर गावात दोन सरणं रचावी लागतील. एक पानांचं, एक खरं."

मी तिघांनाही खाली बोलावून घेतलं. बाईचा जबाब आधी घेतला. वय असेल पंचविशीच्या आतबाहेर. कपाळावर कुंकू मुद्दाम ठसठशीत लावलेलं. मी विचारलं, "बाय, तुला का वाटतं तो जिवंत आहे?"

"जिता हाय असं मी म्हनत नाय," ती म्हणाली. "पन मेला तर मढं दाखवा. मारला तर कुनी मारला ते सांगा. ह्यो सोबती आमच्याच घरात जेवून मोठा झाला, आता माज्याकडं नजर वर करून बघत नाय. नुसत्या ऐकीव बातमीवर मी बांगड्या फोडायच्या काय?"

यात चूक काय होतं? मी मुंबईला बोटीच्या कचेरीला तार केली. पण बोट पुन्हा फेरीवर गेली होती, उत्तर येईल तेव्हा येईल. अवस काही त्यासाठी थांबणार नव्हती.

मग सोबत्याला समोर बसवलं. अंगात बोटीवरचा निळा कोट, तोंडात डेक, कप्तान, पॅसिंजर. हवालदार माझ्या कानाशी लागले, "साहेब, दोन ठेवून देऊ का? पोपटासारखा बोलेल."

"थांबा हो," मी म्हटलं. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते बोलतो, आणि इथे काय हवं ते मलाच ठाऊक नव्हतं.

त्याने मरणाची हकिगत सांगितली. वादळ सुरू झालं त्या पहिल्याच रात्री मित्र वारा खायला डेकवर गेला, लाट आली, गेला. मी पुन्हा विचारलं. तेच. तिसऱ्यांदा विचारलं, शब्दाला शब्द तेच. माझे कान टवकारले. खरी आठवण सांगताना माणूस अडखळतो, मागेपुढे होतो. पाठ केलेली गोष्टच अशी सरळ येते. पण नुसत्या संशयावर काय करणार? समुद्र त्याने पाहिलेला, मी नाही. उलटतपासणी करायची तरी कशाची?

तेव्हा मी मरणाचा विषयच सोडला. चहा मागवला आणि म्हटलं, "बरं, ते राहू दे. मला सांग, एवढ्या हलत्या बोटीत माणसं जेवतात कशी?"

खरं सांगू, हा काही डाव नव्हता. मला चौकशाच फार. धरमतरच्या खाडीपलीकडे मी कधी पाणी ओलांडलं नव्हतं आणि महासागर ओलांडून आलेला माणूस समोर बसला होता. तो खुलला. म्हणाला, "सायेब, बोट ल्हान. मोठ्या बोटीला लाट दिसते, आमच्या बोटीला लाट लागते. वर जायची ती आपल्या घाटमाथ्यावर, नि खाली यायची ती पार दरीत. खालच्या खोलीत झोपलेला मानूस उठून उभा ऱ्हायचा नि उभा असलेला आडवा व्हायचा. सायेबलोक कोटटाय लावून जेवायला यायचे नि कोटटाय लावून वकायचे!"

हवालदारसुद्धा हसले.

"आणि ताटं?"

"वादळाच्या पयल्या दिवशी सगली फुटली! आमाला काय म्हाईत? दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या बटलरनं शिकिवलं. टेबलावर चादर हंतरायची ती वली करून, मग बशी सरकत नाय. कप अर्धाच भरायचा. पन चादर ही एवढी लांब, निथळती टाकली तर सायेबाची तुमान भिजते. मग पिळायची. हवालदारसायेब, ह्ये धरा जरा."

भिंतीवरच्या खुंटीला हवालदारांचा पंचा होता. त्याने तो काढून मडक्यात बुडवला आणि एक टोक हवालदारांच्या हाती दिलं. दोघं पीळ घालायला लागले. तो अगदी रंगात आला होता. "असा नाय, उलट फिरवा! जोरात! काय हो, त्याच्यापुढं तुमी कायच नाय. तो असा पीळ घालायचा, माजं मनगट मोडायची पाळी!"

मी चहाचा कप खाली ठेवला. "कोण रे?"

त्याने हातातलं पंच्याचं टोक सोडून दिलं.

"चादर ओली करायची हे तुम्हाला वादळाच्या दुसऱ्या दिवशी कळलं. तो तर पहिल्या रात्री बुडाला होता ना? मग हे दुसरं टोक धरलं कुणी?"

पंच्याचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं. तो मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. मरणाचं खोटं त्याने घोकून ठेवलं होतं. कामाचं खोटं घोकायला हवं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मेला नाय सायेब," तो म्हणाला. "भ्याला."

एवढा धिप्पाड गडी, रानडुकराला एकट्याने भिडणारा, पण त्या पाण्याने त्याचा पार कणा मोडला. काम संपलं की खोलीतल्या लोखंडी नळाला मिठी मारून बसायचा, लहान पोरासारखा रडायचा. आफ्रिकेच्या बंदरावर उतरला तो जमिनीवर पालथा पडला. बोट सुटायची वेळ झाली तरी चढेना. परत घरी यायचं तर तेच पाणी ओलांडायचं, दुसरी वाटच नाही. सोबत्याने विनवण्या केल्या. तेव्हा त्याने गावदेवीची शपथ घातली, "मी पान्याला भ्यालो, ह्ये कुडपनात कलता कामा नये. मेला म्हनून सांग." तिथेच एका कच्छी व्यापाऱ्याच्या गोदामात तो कामाला राहिला होता.

मी बाईला आणि दिराला आत बोलावून सोबत्याच्याच तोंडून सगळं वदवलं. दिराची मान खाली गेली. "ह्यापरास मेला असता तर बरा," तो पुटपुटला.

बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. मग दिरावर अशी उखडली की मीच दचकलो. "मेला असता तर बरा? तुमाला बरा! बांगड्या माज्या फुटल्या असत्या!" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सायेब, त्याला येववत नाय ना? मग मी जाते."

"बाय, दर्या पाहिलायस का कधी?"

"नाय. मी भीत नाय कशाला."

तिचं हे वाक्यही मी तिच्या जबाबात लिहून घेतलं. आमच्या हद्दीत गुन्हा काही घडलाच नव्हता. दिराला आणि सोबत्याला कडक समज देऊन सोडलं. बाईच्या पासपोर्टची चौकशी माझ्याकडेच आली, आणि इतक्या आनंदाने मी दुसऱ्या कुठल्या कागदावर सही केल्याचं आठवत नाही. सोबती तिला घेऊन गेला, ते त्याचं प्रायश्चित्त. बोटीच्या कचेरीचं उत्तर ती निघून गेल्यावर आलं. तुमचा माणूस बंदरावर पळाला, एवढंच त्यात होतं.

पुढच्या वर्षी भातं कापून झाल्यावर ती ठाण्यात आली. मागे दारात मावणार नाही असा एक गडी, मान खाली घालून.

"सायेब, आनला," ती म्हणाली.

"अगं, पण आणलास कसा?"

"बैल पान्यात शिरत नाय तवा काय करतो आपन? डोल्यावर फडका बांधतो नि कासरा धरून पुढं व्हतो. तसाच आनला. बोट हलाया लागली की फडका बांधायची नि हात धरून बसायची."

ठाण्यातले सगळे हसले, तोही हसला. ती सोबत आलेल्या पाटलांशी बोलायला बाहेर गेली, तेव्हा तो माझ्या टेबलाजवळ आला.

"सायेब, सगल्यास्नी वाटतं ती भ्याली नाय," तो हळूच म्हणाला. "माजे डोले बांधलेले, पन हात तिच्या हातात व्हता ना. मुंबई येईस्तोवर थरथरत व्हता तिचा."

तोवर मी पळालेला माणूस दिसला की विचारायचो, याने काय केलं असेल? त्या दिवसापासून, निवृत्त होईपर्यंत, मी आधी विचारायला लागलो की हा कशाला भ्याला असेल. बरीच प्रकरणं त्या प्रश्नाने सुटली, काही नाही सुटली. आणि ती भीत नाही कशाला, असं मी माझ्या हाताने तिच्या जबाबात लिहून घेतलं होतं. ते खोटं होतं, हे मला आता कळलं होतं. पण ते मी खोडलं नाही.